ढगाची किल्ली कमळाकरमामांकडे

कमळाकर मढवी या माणसाशी माझं अकरा वर्षांत एकदाही धड पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी हळवी झाले तर कोणी मला भाबडी समजू नये. पावण्यात निकमांचा कारखाना आहे. पत्रा ठोकून पंपाचे भाग काढायचे लोखंडी साचे, म्हणजे डाय, आम्ही तिथे बनवतो. मी कॉम्प्युटरवर डायची ड्रॉइंग काढते. कमळाकरमामा बॅकअप घ्यायचे. आठ तासांच्या ड्युटीतला एक तास त्यांना काम असायचं. उरलेले सात तास ते दुसऱ्या कोणाच्या हातून काहीतरी पुसलं जाण्याची वाट बघत चहा प्यायचे. यासाठी माणसाला पगार मिळतो, याचा आम्हा सगळ्यांना मनापासून राग होता.

मामा घणसोली गावातले. गावठाणात त्यांचं दोन मजली घर, वरचा मजला भाड्याने दिलेला. आमचा कारखाना ज्या प्लॉटवर उभा आहे तिथे त्यांच्या आजोळची भातशेती होती. सरकारने जमीन घेतली, उदयसिंह निकमसाहेबांनी साताऱ्याहून येऊन प्लॉट घेतला, आणि प्लॉटबरोबर मामा मिळाले. आधी वॉचमन, मग स्टोअरकीपर. कोणी नवा माणूस आला की मामा त्याला पायाखालची फरशी दाखवून सांगायचे, "मी मालकाच्या आधीपासून हाय इथं." नव्या माणसाला वाटायचं हा पार्टनर असावा. पुष्कळांनी पहिल्या दिवशी त्यांना नमस्कार केलेला आहे, मीसुद्धा केला होता.

ते बॅकअपवाले कसे झाले, ती गोष्ट मी यायच्या दोन वर्षं आधीची. एका सकाळी सर्व्हर सुरूच होईना. उघडून बघितला तर आत उंदीर शिरून जळालेला, आणि जाताना सगळी ड्रॉइंग बरोबर घेऊन गेलेला. इंजिनिअर आला, त्याने विचारलं, "बॅकअप?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा स्टोअरमधून मामा एक बुटाचा खोका घेऊन आले. त्यात डिस्का होत्या. स्टोअरमधून कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगची एक प्रत मामा दर शनिवारी काढून ठेवत होते. कंपनीवरच्या प्रेमापोटी नव्हे. "डिझाईनवाले उद्या म्हनतील, आमी असा काढलाच नव्हता," एवढंच कारण. आमच्यावरच्या अविश्वासामुळे कारखाना वाचला, आणि निकमसाहेबांनी त्या अविश्वासाला खुर्ची-टेबल दिलं.

त्या खुर्चीवरून मामा बॅकअपचं शास्त्र सांगायचे. कुठल्याही वस्तूच्या तीन प्रती हव्यात. "एक घरान, एक वाड्यान, एक पाव्हन्याकडं. गावान आग लागली तं पाव्हन्याचा घर तरी शाबूत ऱ्हातं." एकदा मी म्हटलं, "मामा, हे सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं हो." तर म्हणाले, "मंग वाचून बी तू एकच प्रत कशी ठेवतेस?" असल्या माणसाशी कोणाचं पटणार?

पण आमचा खरा छळ पितृपक्षात व्हायचा. आमच्याकडे त्या पंधरवड्यात नवीन डाय सुरू करत नाहीत, त्यामुळे कामं थंड असतात. मामांनी तो मुहूर्त बरोबर हेरला होता. सर्वपित्रीच्या दिवशी ते एखाद्या डिझायनरचं जिवंत फोल्डर न विचारता उडवायचे आणि मग बॅकअपमधून परत आणून दाखवायचे. "ठेवून दिला म्हंजे झाला का? वरसातून एकदा बोलवून बघायचा. आयले तं आपले." फोल्डर परत आलं की ऑफिसभर आरोळी उठायची, "कावळा शिवला!" निकमसाहेबांच्या घरी खऱ्या पितरांची पानं वाढलेली असायची, आणि साहेब आधी फोन करून विचारायचे, इकडचा शिवला का? एक वर्ष इकडचा शिवेना. मामांनी तीन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. चौथ्या दिवशी डिस्क खराब निघाल्याचं कळलं, ती बदलली, तेव्हा कुठे चपाती खाल्ली.

दर वर्षी ते मला हाक मारायचे. "मोनाली, ये, बघून घे कसा आनतात परत." मी दर वर्षी कॅन्टीनला पळायचे.

तीन वर्षांपूर्वी साहेबांचा मुलगा राजवर्धन पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला. वय तिशीचं, बूट इतके स्वच्छ की कारखान्यात पाय कुठे ठेवावा हा रोजचा प्रश्न. त्याने पहिल्या महिन्यात सगळा डेटा क्लाऊडवर नेला आणि मामांना बोलावून घेतलं. मी तिथेच होते.

"काका, आता डिस्क-बिस्क विसरा. सगळं क्लाऊडवर. तिथे डेटा मरतच नाही."

"ढग कोनाचा?"

"मोठी कंपनी आहे काका, टेन्शन नाही."

"आपनच काय पुसला तं?"

"तर पुसलं जाईल. पण आपण कशाला पुसू?"

"एका कॉम्प्युटरवरना पुसला तं समदीकडचा जाईल?"

"हो, सिंक असतं ना. एकीकडे बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं. तेच तर भारी आहे."

"मंग यो बॅकअप नाय," मामा म्हणाले. "यो आरसा हाय. तोंड काला केला तं आरशातला बी काला."

राजवर्धन हसला. थोरले निकमसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांना जळका उंदीर आठवत होता. त्यांनी मुलाला सांगितलं, मढवी म्हणतो ते कर. मग दुसऱ्याच एका कंपनीकडे आणखी एक जागा घेतली. दर शनिवारी सगळ्या ड्रॉइंगची प्रत तिथे जायची, आणि एकदा गेली की सहा महिने ती कोणालाही पुसता यायची नाही, मालकालाही नाही. आम्ही तिला तिजोरी म्हणायचो. तिची किल्ली म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, आणि तो होता फक्त मामांकडे. कागदावर नाही, फोनमध्ये नाही, डोक्यात.

"मामा, उद्या तुम्ही बसखाली आलात तर?" मी विचारलं होतं.

"मना स्कूटर हाय," ते म्हणाले.

याच माणसाने आपल्या रोजच्या लॉगिनचा पासवर्ड मॉनिटरवर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून डकवला होता. कारण फोल्डर कायमचं काढून टाकण्याची परवानगी फक्त त्यांच्या लॉगिनला होती, आणि दर अर्ध्या तासाला कोणीतरी "मामा, जरा या ना" करायचं. चहा गार व्हायचा. म्हणून चिठ्ठी. तिजोरीसाठी प्राण देतील, आणि दाराची कडी मात्र उघडी. अर्धं ऑफिस कमळाकर मढवी या नावाने काम करायचं आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

आता गेल्या वर्षीचं सांगते. गणपतीत राजवर्धनने मामांना सांगितलं की दिवाळीपर्यंत या, मग आराम करा. थोरले साहेब तब्येतीमुळे गावी वाईला राहायला गेले होते, त्यामुळे दाद मागायला जागा नव्हती. मामांनी मान हलवली. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मना इथना काढला तं मी कुठला गो?" मी एका डायच्या मापात गुंतलेली होते. "घणसोलीचे," म्हटलं. आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी मशिनं घासूनपुसून, तेलपाणी करून पूजेला मांडतात. दोनशे टनाच्या प्रेसला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू. कोपऱ्याकोपऱ्यातला वर्षाचा केर निघतो. त्या वर्षी राजवर्धनने ऑफिसला मेल टाकली, की फक्त मशिनंच का, यंदा डेटाचीही साफसफाई करा, जुन्या फायली काढा, क्लाऊडवर जागा मोकळी करा. मला हे फार आवडलं. मी मुळात स्वच्छतेची भक्त. आमच्या नेरूळच्या घरात रद्दी तीन दिवसांवर टिकत नाही.

तर खंडेनवमीला, बाहेर पूजेची तयारी चाललेली असताना, मी मामांच्या कॉम्प्युटरवर बसले. मामा तेव्हा प्रेससमोर नारळ घेऊन उभे होते. ती पूजा दर वर्षी तेच करायचे, साहेबांच्या आधी. मी एकेक फोल्डर बघत गेले. 'जुने'. 'जुने नको'. 'फायनल जुने'. 'कदम गेले तेव्हाचे'. नावं वाचूनच अंगावर शहारे आले. नवीन सगळं माझ्या फोल्डरमध्ये नीट लावलेलं होतं, त्यामुळे हा सगळा केरच, अशी माझी खात्री. चारही उडवले. उडवलेलं सगळं बिनमध्ये जाऊन पडलं. आता बाकीचं जग तिथेच थांबलं असतं. पण सणाचा केर घरात भरून ठेवणारी बाई माझ्या आईने वाढवलेली नाही. मी बिनही रिकामा केला. आणि हात धुऊन आरतीला गेले.

'जुने नको' या फोल्डरमध्ये माझ्या आधीच्या डिझायनरने केलेल्या दोन हजार एकशे डायची मूळ ड्रॉइंग होती. 'जुने' म्हणजे त्याचं पहिलं फोल्डर, ते 'नको' म्हणून त्याने केलेलं दुसरं, असा त्या कदमांचा हिशेब. हे मला दीड महिन्यानंतर कळलं.

मधल्या काळात दिवाळी झाली. मामांना निरोप दिला, शाल, मिठाईचा बॉक्स आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यांच्या खुर्चीवर कुरिअरची पार्सलं ठेवायला सुरुवात झाली. नंतर दोनदा ते स्कूटरवरून गेटशी आले, "इथनाच चाललू" म्हणाले, आणि वॉचमनजवळ तासभर बसून गेले. आत कोणी बोलावलं नाही. मीही नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर आठवड्याने एका पंप कंपनीची ऑर्डर आली. त्यांची चौदा वर्षांपूर्वीची डाय तडकली होती, लाइन बंद पडली होती, शनिवारपर्यंत नवीन हवी. मी ड्रॉइंग शोधायला गेले. नव्हतं. दुसरं शोधलं. नव्हतं. क्लाऊडवाल्या कंपनीला फोन केला, तर एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की बिन रिकामा केल्यानंतरही आम्ही तीस दिवस सगळं सांभाळून ठेवतो, पण आपले तीस दिवस उलटून गेलेले आहेत, आणखी काही मदत करू का?

राजवर्धनने कोणी काय कधी पुसलं याची नोंद काढली. एकाच ओळीत सगळं होतं. एक ऑक्टोबर, अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं, नाव कमळाकर मढवी.

"म्हाताऱ्याने सूड घेतला," राजवर्धन म्हणाला. "गणपतीत नोटीस दिली, नवमीला डेटा उडवला. किती प्लॅनिंग!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण जानेवारीपासून डिझाईन विभागाची प्रमुख मीच होणार, हे आदल्याच आठवड्यात ठरलेलं. उघडलेलं तोंड मी चहाने भरलं.

"तिजोरीत प्रत असेल," मी म्हटलं.

"आणि तिची किल्ली कोणाकडे? त्याच्याचकडे. मोनाली, तू चल माझ्याबरोबर. तुझ्याशी बरं आहे त्याचं." हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. गाडीत त्याने बेत सांगितला. आधी गोड बोलून किल्ली काढून घ्यायची, मग पोलिसात तक्रार द्यायची. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि हूं हूं करत राहिले.

घणसोली गावात गाडी शिरेना. गल्लीच्या तोंडापासून मांडव होता. मामांच्या मुलीची, सुचिताची हळद होती. दुपारचे चार वाजले होते. आगरी हळद ज्याने बघितलेली नाही त्याला काय सांगणार? चारशे माणूस, सगळं पिवळं. बेंजोचा ताफा असा वाजत होता की छातीची बटणं थरथरत होती. एकीकडे म्हाताऱ्या हळदीची गाणी म्हणत होत्या, त्यांना बेंजोचं काही देणंघेणं नव्हतं. मटणाच्या टोपाखाली लाकडं धगधगत होती. राजवर्धनच्या पांढऱ्या शर्टाला आणि गालांना दहा पावलांत तीन बायकांनी हळद फासली. त्यातली एक मामांची बायको शेवंताबाई. तिने माझ्याही गालाला लावली आणि माझ्या कानात ओरडली, "आयलीस गो! यांना वाटलाच होता कंपनीतना कोनतरी येईल!"

मामा मांडवाच्या मधोमध होते. बनियन, लुंगी, कोपरापर्यंत हळद. आम्हाला बघितलं आणि माणूस उजळला, खोटं नाही सांगत. त्यांना वाटलं आम्ही लग्नाला आलोय. दोन खुर्च्या ओढून बसवलं, वर उभं राहून आग्रह. "जेव आधी!" राजवर्धनने गोड बोलायला सुरुवात केली, पण बेंजोत काही ऐकू जाईना. मामा कानाला हात लावून मान डोलवायचे आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचे. तो आवाज चढवत गेला. गोडपणा आणि आवाज एकत्र चढवता येत नाही. तिसऱ्या भाकरीला त्याचा संयम सुटला. उभा राहिला, आणि खिशातून नोंदीचा कागद काढून बोंबलला. नेमके तेव्हाच बेंजोवाले चहाला थांबले.

"दोन हजार ड्रॉइंग चोरलीत तुम्ही! पोलिसात देईन!"

चारशे माणूस वळलं. गाणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा थांबल्या, आणि त्या तर बेंजोलाही थांबलेल्या नव्हत्या. मांडवात नवऱ्याकडची माणसं होती. मामांचे तिघे भाऊ ताटांवरून उठले. राजवर्धनच्या चेहऱ्यावरची हळद सोडून बाकीचा रंग उडाला.

मामांनी भावांना हातानेच खाली बसवलं. "दे बगू," म्हणून कागद घेतला. हळदीच्या बोटांनी धरला, लांब करून वाचला. तारीख वाचली, वेळ वाचली. खंडेनवमी, पावणेबारा. तेव्हा आपण कुठे होतो हे त्यांना माहीत होतं, नारळ फोडत होते. त्यांच्या खुर्चीवर कोण होतं हेही माहीत असणार, कारण नारळ फोडून खोबरं द्यायला ते ऑफिसात आले होते आणि पहिला तुकडा त्यांच्याच खुर्चीवर बसलेल्या मला दिला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. नंतर कागद परत दिला.

"माझाच नाव हाय," म्हणाले. "मंग मीच केला असल."

मला वाटलं होतं, हा माणूस आता माझं नाव घेईल आणि सगळं सुटेल, आणि मी जन्मभर त्याचा राग करायला मोकळी. त्याने तेही सुख मला दिलं नाही. समोर पाटावर सुचिता बसली होती, अंगभर हळद, आणि बापाकडे बघत होती. मी उठले. गालाला ती मूर्ख हळद.

"मी केलं," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडून म्हटलं, "मी पुसलं! मामांच्या लॉगिनमधून. चारही फोल्डर. बिनसुद्धा मीच रिकामा केला. मामा तेव्हा पूजेला होते. चोर-बिर कोणी नाही, मी मूर्ख आहे!"

मागून एका म्हातारीने विचारलं, "बिन म्हंजे काय?" आणि कोणीतरी सांगितलं, "कचऱ्याचा डबा." म्हातारी म्हणाली, "मंग रिकामा केला त काय झाला?" माझी बाजू घेणारी त्या दिवशी तेवढी एकच.

मामा मात्र भडकले. अकरा वर्षांत मी त्यांना असं भडकलेलं बघितलं नव्हतं. "उघडून बगितलास टाकायच्या आदी? एक तरी फाईल उघडलीस?" मी "नाही" म्हटलं. "न उघडता टाकतं का कोन? घरातला तांदूल बी आई निवडून टाकते!" मग राजवर्धनकडे वळले. "आनि तू. बारा वरसं किल्ली माझ्याकडं, मना जाताना मागितलीस का? घड्याल दिलास. किल्ली मागितलीस का?"

आमच्याकडे तिजोरी येऊन तीनच वर्षं झाली होती, पण बाराचा आकडा कोणी दुरुस्त केला नाही. मग राजवर्धनने असं काही केलं की तेव्हापासून मी त्याला राजसर म्हणते. तो त्या चारशे माणसांपुढे वाकला आणि मामांच्या पायाला हात लावला. "चुकलं काका. चोर म्हणायला नको होतं." भाऊ पुन्हा जेवायला बसले. बेंजोवाल्यांना बहुतेक मारामारी हुकल्याचं वाईट वाटलं.

मग मामा मला आतल्या खोलीत घेऊन गेले, तांदळाच्या पोत्यांवर बसवलं. "लिही." मी फोन काढला. "फोन नको. कागद."

किल्ली म्हणजे सात नावं होती, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मोठीखार. वडाची. पानथल. आडवी. बामनाची. चिंचेखालची. मी प्रत्येक नाव लिहून वाचून दाखवत होते. सातव्याला मामा थांबले. मला वाटलं विसरले.

"ही कसली नावं, मामा?"

"शेतांची. माझ्या आज्याची सात खाचरं. आपला कारखाना हाय ना, तेच्याखाली हायत." मग सातवं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. "आतापरेंत कोनाला सांगितली नव्हती. कोनी इचारली नाय. मना वाटायचा, ही माझ्याकडं हायत तवर मना कोन काढनार?" त्यांनी लुंगीला हात पुसले. "काढला."

"मामा, तुम्ही या ना उद्या. तुम्हीच करा."

"उद्या पोरीचा लगीन हाय. तू कर. तुना येत नाय?"

येत नव्हतं. अकरा सर्वपित्र्या मी कॅन्टीनमध्ये काढल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्यांच्या खुर्चीवरची पार्सलं उतरवली आणि बसले. तिकडे सुचिताला अक्षता पडत होत्या, इकडे मी सात शेतांची नावं टाइप केली. पहिल्या वेळी चुकलं. दुसऱ्या वेळी तिजोरी उघडली. दुपारी दोनपर्यंत दोन हजार एकशे ड्रॉइंग परत जागेवर आली. मी मोजून थांबले नाही. आधी पंपाची डाय उघडली, मापं ताडून बघितली, मग बाकीची एकेक उघडायला लागले. त्याला पुढचे नऊ दिवस लागले. डाय शनिवारी संध्याकाळी गेली.

मी विभागाची प्रमुख झाले नाही. राजसरांनी मला सगळ्यांसमोर शिक्षा सुनावली, आणि ती त्यांना फार कल्पक वाटली. ड्रॉइंग सांभाळून बॅकअपही आता मोनालीने बघायचा. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळालं, मॉनिटरवरची चिठ्ठी मी स्वतः फाडली. किल्ली माझ्याकडे आहे, राजसरांकडे आहे, आणि एका पाकिटात वाईला थोरल्या साहेबांकडे आहे. मामांना परत यायचं का, हेही राजसरांनी विचारलं. ते नाही म्हणाले. "मी आयलू तं ही परत शिकायची नाय." बरोबरच होतं त्यांचं, आणि मला तेही आवडलं नाही.

पहिल्या शनिवारी मी एकटीने तिजोरीत प्रत पाठवायला बसले. एका पायरीवर अडले, मामांना फोन लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला. शनिवार, दुपारचे साडेतीन, बॅकअपची वेळ. माणूस फोन हातात घेऊन बसलेला होता.

"काय अडला?" ते म्हणाले. आवाजातली घाई लपत नव्हती.

त्यांनी पुढचा पाऊण तास मला अशा सात गोष्टी सांगितल्या, ज्यांतल्या पाच मला माहीत होत्या. मध्येच शेवंताबाईंचा आवाज आला, जेवण गार होतंय. "कंपनीचा फोन हाय!" मामा तिच्यावर खेकसले. इतक्या आनंदाने खेकसताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

दुसऱ्या शनिवारी मी अडले नाही. सगळं नीट पार पडलं, साडेतीन वाजले, आणि फोन तसाच टेबलावर पडून राहिला. मी त्याच्याकडे बघत बसले. घणसोलीत एक माणूस आत्ता फोन हातात घेऊन बसलेला असणार हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीने जीव नुसता कासावीस झाला. मग मी फोन लावला आणि म्हटलं, मामा, तारीख दोनदा दिसतेय हो, काय करू?

तारीख एकदाच दिसत होती. आता पाच महिने झाले, मला त्या कामातलं सगळं येतं, आणि दर शनिवारी साडेतीनला माझं काहीतरी अडतं. शुक्रवारपासून मी नवीन अडचण शोधायला लागते, कारण मामा हुशार आहेत, जुनी चालत नाही. येत्या शनिवारी काय विचारायचं ते अजून सुचलेलं नाही.